न मोडलेलं लाकूड

१

इंजिन सापडलं ते मैदानाच्या कडेच्या कडब्याच्या गंजीत. विमानापासून मोजून तीस पावलांवर. कडबा पेटला नाही, हीच काय ती त्या दिवशीची चांगली गोष्ट.

शाळेचे ग्रंथपाल नारायणराव गंजीपाशी उकिडवे बसून ते न्याहाळत होते. खरं तर हे काम त्यांचं नव्हे. पण बाकीचे सगळे मार्तंड मास्तरांना घेऊन सरकारी दवाखान्याकडे धावले होते. रक्त बघितलं की नारायणरावांना घेरी यायची. म्हणून ते मागं राहिले, आणि मागं राहिल्याबद्दल स्वतःला मनातल्या मनात बोल लावत होते.

सन एकसष्टचा फेब्रुवारी महिना. धाराशिवला विज्ञानाचं मोठं प्रदर्शन भरायचं होतं आणि त्यासाठी विज्ञानाच्या मार्तंड मास्तरांनी दोन वर्षं खपून विमान बांधलं होतं. खेळणं म्हणायला जीभ वळू नये एवढं मोठं. पंख नऊ फुटांचे. अंग पांगाऱ्याच्या हलक्या लाकडाचं आणि कळकाच्या कामट्यांचं, वरून पतंगाचा कागद. सायकलला जोडायचं जुनं पेट्रोल इंजिन मास्तरांनी हैदराबादच्या भंगार बाजारातून आणलं होतं. जानेवारीत ते पहिल्यांदा सुरू केलं, तर त्याच्या थरथरीनं विमानाचं नाक तडकलं. म्हणून मग नाक नव्यानं मजबूत केलं. इंजिन दोन सागवानी दांड्यांवर बोल्टनं बसवलं. दांड्यांना दोन्ही बाजूंनी प्लायवूडची गालफडं, कोपऱ्यांत तिकोनी ठोकळे, आणि हे सगळं एकमेकांना सरसानं चिकटवलं. खिळा किंवा स्क्रू मुद्दाम मारला नव्हता. मास्तर म्हणायचे, पातळ प्लायवूडला भोक पाडलं की तडा तिथूनच जातो.

आज शनिवारी विमान खुंटाला बांधून इंजिन सुरू केलं. मास्तर पेट्रोल कमीजास्त करायची सुई फिरवायला वाकले. अर्ध्या मिनिटात इंजिन नाकातून सुटलं, पंख्यानं मास्तरांच्या उजव्या हाताची दोन बोटं नेली, आणि ते गंजीत जाऊन रुतलं.

नारायणरावांनी चष्मा पुसून पुन्हा बघितलं. चारही बोल्ट जागच्या जागी. नट घट्ट. सागवानी दांडे इंजिनाला तसेच चिकटून आलेले, हातभर लांब, अख्खे, एक कपचाही उडालेला नाही. शेंगेतून दाणा निघावा तसे ते विमानाच्या नाकातून निघून आले होते.

मास्तरांना उचलून नेलं तेव्हा त्यांच्या हाताला शिपाई धुळाप्पाचा पटका गुंडाळलेला होता. म्हातारा पोरासारखा रडत होता. मास्तर त्याला म्हणाले, "धुळाप्पा, तू घरी जा." आणि मग नारायणरावांकडे वळून, कळ दाबत, अगदी हळू म्हणाले होते, "ते लाकूड तेवढं जाळून टाका. आत्ताच."

नारायणरावांना ते आत्ता आठवलं. ज्याची बोटं गेली, त्यालाच पुरावा नको होता.

२

"अहवाल तुम्हीच लिहा," हेडमास्तर बाबूराव रविवारी घरी बोलावून म्हणाले. "तुमचं अक्षर चांगलं आहे आणि तुमचं कुणाशी वाकडं नाही."

"मला यातलं काही कळत नाही, साहेब."

"कळायचंय काय त्यात? तीन ओळी पुरे. सुताराचा सरस नासका होता. हलगर्जीपणा. खाली सही."

सुतार म्हणजे शरणप्पा. शाळेत सुतारकाम शिकवायला घेतलेला, सास्तूरचा, तिशीतला. गावाकडचा गाड्या बांधायचा धंदा भावाच्या हाती देऊन दोन वर्षांपूर्वी बायकोला घेऊन तो इथं आला. येत्या गुरुवारच्या सभेत समिती त्याला कायम करणार होती. आता त्याच सभेत त्याला काढायचं ठरत होतं. आणि हलगर्जीपणानं काढला असं एकदा कागदावर आलं की दुसरी शाळा त्याला दारात उभं करणार नव्हती.

"पण मास्तर तर म्हणतात, चूक त्यांचीच."

"ते म्हणणारच. देवमाणूस आहे तो," बाबूरावांनी पानाची चंची उघडली. "लाकूडबिकूड कुठंय?"

"माझ्याकडे. ग्रंथालयात."

"बरं. गुरुवारी चार वाजता सभा. वाचून दाखवायचं तुम्हीच."

पाच माणसांसमोर उभं राहून बोलायची वेळ त्यांच्यावर आयुष्यात फारशी आलीच नव्हती.

तसेच ते शाळेत गेले. धुळाप्पानं ग्रंथालय उघडून दिलं, आपली तेल पिऊन काळीभोर झालेली काठी दाराआड टेकवली आणि पाण्याचा तांब्या आणून ठेवला. "मास्तरांची काय खबर, अण्णा?" एवढंच त्यानं विचारलं. नारायणराव कपाटाकडे तोंड करून "बरे आहेत" म्हणाले. मग त्यांनी बोल्ट सोडवून दांडे मोकळे केले, मोठ्या पांढऱ्या कागदावर ठेवले आणि अहवालात जोडायला त्यांची आकृती पेन्सिलनं गिरवून घेतली. काम अर्धंच झालं. उरलेलं उद्या, म्हणून दांडे कागदावर तसेच ठेवून त्यांनी कुलूप लावलं.

तीन ओळी लिहायला त्यांचा हात काही चालला नाही.

३

सोमवारी ते सुतारशाळेत गेले. शरणप्पा रिकाम्या बाकावर हात बांधून बसला होता. त्याला हत्याराला हात लावायची मनाई झाली होती.

"आलात? लिवून टाका," तो म्हणाला. "काय बी मोडलं की सरस नासका. खुर्ची मोडली, सरस नासका. लगीन मोडलं तरी सरस नासका म्हनतील."

"मला सरसातलं कळत नाही, शरणप्पा. म्हणून विचारायला आलो."

शरणप्पानं त्यांच्याकडे नीट बघितलं. असं कुणी विचारायला आलेलं त्याला अपेक्षित नसावं. तो उठला आणि फळीवरून एक तुकडा घेऊन आला. बोटभर सागवान, त्यावर चिकटवलेला प्लायवूड.

"आमचे वडील जोड करायच्या दिवशी त्याच लाकडाचा एक तुकडा त्याच सरसानं जोडून ठेवायचे. म्या बी ठेवतो. हा मंगळवारचा, ज्या दिवशी इमानाचं नाक चिकटवलं त्याच दिवशीचा. दांडं ज्या जुन्या चौकटीतनं काढलं, तिचाच हा तुकडा. घ्या. मोडा."

"मी?"

"तुमीच. न्हायतर म्हनाल, सुतारानं हळू मारलं."

नारायणरावांनी लाकडी मोगरी दोन्ही हातांत धरून मारली. पहिला घाव बाकावर बसला. दुसऱ्याला तुकडा फुटला, पण जोडावर नाही. प्लायवूडच फाटला आणि त्याची कुसळं सागवानाला चिकटून राहिली.

"आता ही गालफडं बगा." शरणप्पानं विमानाच्या नाकातून निघालेला प्लायवूड पुढं केला. आतली बाजू धुतलेल्या ताटासारखी स्वच्छ होती. एकसुद्धा कुसळ उपटलेलं नाही. सरसाचा पापुद्रा तेवढा वाळल्या सालीसारखा सुटून आलेला.

नारायणरावांना सरसातलं कळत नव्हतं, पण एवढं कळलं. लाकूड एक, सरस एक, दिवस एक, हात एकच. तरी एका जोडानं धरलं आणि दुसऱ्यानं धरलं नाही. मग दोन लाकडांमध्ये फरक पडला कुठं?

"दांडे घडवले कधी?"

"त्याच्या आदल्या शनवारी. बसवून बघितलं, परत काढलं, त्या खिडकीत ठिवलं. रविवार सुट्टीचा, सोमवारी शिवरात्र. म्या गावाकडं गेलो. मंगळवारी येऊन चिकटवलं."

"आणि हा तुकडा?"

"तो भुश्शाच्या पेटीत व्हता." शरणप्पा थांबला. त्याच्या कपाळावर आठी पडली. "एक सांगू का? मंगळवारी दांडं जरा काळं वाटलं व्हतं मला. म्हनलं, जुनं सागवान, असंल. बोटानं दाबून बगायचं व्हतं. न्हाय बगितलं. गडबड व्हती."

"त्या दोन दिवसांत इथं कोण आलं होतं?"

"किल्ली हेडमास्तरांकडं. रविवारी ती चित्रकलेच्या श्रीमंत सरांनी मागून नेली." शरणप्पानं आवाज खाली आणला. "त्यांचं अन् मास्तरांचं ह्या खोलीवरनं कसं जुंपलं व्हतं, ते सगळ्या शाळेनं ऐकलंय."

४

मंगळवारी सकाळी नारायणरावांनी ग्रंथालयातला तो कागद उचलला आणि तसेच उभे राहिले. दांडे जिथं ठेवले होते तिथं कागद पारदर्शक झाला होता. त्यातून टेबलाच्या लाकडाच्या रेघा दिसत होत्या.

तेल.

इंजिनाचं असेल, असं आधी वाटलं. पण ते काळपट, आणि त्याला पेट्रोलचा वास. शिवाय इंजिन चाललं होतं जेमतेम अर्धा मिनिट. त्यांनी हत्याराची मनाई बाजूला ठेवून शरणप्पाकडून एक दांडा करवतीनं आडवा कापून घेतला. चारही बाजूंनी नखभर खोल आणि टोकांकडून तर दोन बोटं आत, लाकूड गर्द झालं होतं. अर्ध्या मिनिटाचं हे काम नव्हतं. कुणीतरी चिकटवायच्या आधी दोन दिवस, पुन्हा पुन्हा, सावकाश हे लाकूड तेलानं भिजवलं होतं. वरून पुसलंही होतं. त्यावर सरस बसला खरा, पण धरला नाही.

चित्रकलेचे श्रीमंत सर ब्रश धूत होते. त्यांच्या टेबलावर जवसाच्या तेलाची बाटली होती. नारायणरावांनी ती बघितली आणि ते बघतायत हे श्रीमंतांनी बघितलं.

"बोला, फौजदारसाहेब."

नारायणरावांचे कान लाल झाले. "तुम्ही त्या रविवारी सुतारशाळेत गेला होता."

"गेलो होतो की. शेपटीवर तिरंगा कोण रंगवणार होतं, तुम्ही?"

"तुमचं भांडण होतं मास्तरांशी."

"होतं. तोंडावर भांडलो, सगळ्यांदेखत. दोन वर्षं माझा वर्ग व्हरांड्यात बसतोय त्या विमानापायी. आणि तरी तिरंगा मीच रंगवला, कारण मास्तरांच्या हातून सरळ पट्टा यायचा नाही." श्रीमंतांनी ब्रश ठेवला. "काय आहे हातात? दाखवा."

नारायणरावांनी कापलेला तुकडा दिला. श्रीमंतांनी तो उजेडात धरला, बोटानं दाबला आणि मग आपल्या रंगाच्या पाटीवरचा एक ठिपका दाखवला. "हा त्याच रविवारचा रंग. जवसाच्या तेलातला. बघा, कातडी धरलीय त्यानं. जवस वाळतं, नारायणराव. हे दहा दिवसांनीही ओलं आहे. वास तरी घेतलात का?"

नारायणरावांनी वास घेतला आणि ते आठ वर्षांचे झाले. आई नाक दाबून धरायची, चमचा तोंडात जायचा, वर गुळाचा खडा.

"एरंडेल," ते म्हणाले.

"आता डोकं चालवा. मला विमान बिघडवायचं असतं, तर समोर करवत टांगलेली होती. दोन दिवस तेल कशाला मुरवत बसेन?" श्रीमंतांच्या आवाजातली थट्टा कमी झाली. "लाकडाला तेल कोण पाजतं माहितीय? ज्याला ते टिकावं वाटतं तो. तुम्ही वैरी शोधताय. हे वैऱ्याचं काम नाही."

५

नारायणराव ग्रंथालयात परत आले आणि डोकं धरून बसले.

ज्याला लाकूड टिकावं वाटतं तो. ज्याच्याजवळ एरंडेल असतं तो. शिवरात्रीच्या सुट्टीत जो शाळेत होता तो. आणि किल्ली? शरणप्पानं हेडमास्तरांच्याच किल्लीचं नाव घेतलं. पण शाळेची प्रत्येक खोली रोज सकाळी उघडतं कोण? ते इतकं रोजचं होतं की कुणाच्या मोजणीतच आलं नव्हतं.

त्यांनी मान वर केली. दाराआड काठी टेकलेली होती. आरशासारखी चकाकणारी.

धुळाप्पा उंबऱ्याशी बसून वहाणेचा अंगठा शिवत होता. जातीचा धनगर, भूम तालुक्यातल्या ईटकडचा. निम्मं आयुष्य मेंढरांमागं आणि निम्मं या शाळेत गेलेलं. मोठा मुलगा दुखण्यात गेला तेव्हापासून मार्तंड मास्तर म्हणजे त्याचं सगळं काही. मास्तरांनी त्याला साठीला टेकल्यावर सही करायला शिकवली होती.

"धुळाप्पा," नारायणराव शक्य तितक्या सहज म्हणाले, "विमानाच्या दांड्यांना तेल तुम्ही पाजलंत का?"

म्हाताऱ्याचा चेहरा उजळला.

"व्हय! म्याच पाजलं. तुमाला कसं वळखू आलं? शनवार, रविवार, शिवरात्रीचा सबंद दिस. उनात ठिवायचं, पाजायचं, परत उनात. मंगळवारी पुसून जाग्यावर ठिवलं. कोरडं ठणठणीत लाकूड व्हतं, अण्णा. असल्या लाकडाची काठी आमच्यात कुनी हातात बी धरत न्हाय. म्हनलं, मास्तरांचं इमान हाय, इंजिन लई हादरतंय, फुटाया नगं." त्यानं वहाण खाली ठेवली. "अन् बगा तुमी. समदं इमान मोडलं. पन माझं लाकूड न्हाय मोडलं. हाय तसं निगालं."

नारायणरावांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला.

"कुणाला विचारून केलंत?" त्यांनी विचारलं.

"आता असं बगा, साळंचं काम, आपल्या मनानं कसं करावं? म्हनून तुमाला इचारलं की."

"मला?"

"तर! शनवारी सांजच्याला. तुमी ह्याच टेबलाशी व्हता, बुक वाचीत. म्या म्हनलं, अण्णा, इंजिनाच्या दांड्यान्ला तेल पाजलं तर पक्कं व्हईल ना? तुमी म्हनला, 'होईल की.' एवडं शिकल्याला मानूस हां म्हनतोय म्हनल्यावर मला फिकीरच ऱ्हायली न्हाय."

नारायणरावांनी आठवून बघितलं. पुन्हा आठवून बघितलं. त्या संध्याकाळी कोणतं पुस्तक वाचत होतो ते आठवलं, कोणतं प्रकरण तेही आठवलं. धुळाप्पा आला होता हे काही केल्या आठवेना.

६

दवाखान्यात मार्तंड मास्तर उशाला टेकून बसले होते. उजवा हात कापसाचा गोळा झालेला. पायथ्याशी त्यांच्या पत्नी लीलाबाई मोसंबं सोलत होत्या.

"जाळलं नाहीत ना लाकूड?" मास्तरांनी विचारलं.

"नाही."

"मला वाटलंच. तुम्ही कागद फेकत नाही, लाकूड काय जाळणार." ते हसले, पण ते हसू टिकलं नाही. "किती कळलंय?"

"सगळं. तुम्हाला कधी कळलं?"

"दांडे अख्खे निघालेले दिसले तेव्हाच. धुळाप्पाची तेल पाजलेली काठी रोजच बघतो मी. गेल्या मंगळवारी धुळाप्पा मला म्हणाला होता, 'मास्तर, आता लाकूड तुटायचं न्हाय, म्या बंदोबस्त केलाय.' मी हसलो. म्हटलं, नारळबिरळ फोडला असेल. काय बंदोबस्त, एवढं विचारलं असतं तर दोन मिनिटांचं काम होतं." त्यांनी डोळे मिटले. "नारायणराव, त्याला कळता कामा नये. बोटं गेली ती गेली. डाव्या हातानं लिहायला शिकेन. पण त्याला कळलं ना, की हे त्याच्या तेलानं झालं, तर तो माणूस उरायचा नाही. एक पोरगा गेलाय त्याचा. मी सांगितलंय, चूक माझी. तिथंच मिटवा."

"ते मिटलं नाही, मास्तर. परवा शरणप्पाला काढतायत."

मास्तरांचे डोळे खाडकन उघडले. त्यांनी लीलाबाईंकडे बघितलं.

"डॉक्टर म्हणाले होते, यांना काही सांगू नका," लीलाबाई सालीकडे बघत म्हणाल्या. "मी नाही सांगितलं. मला वाटलं, ताप उतरेपर्यंत राहू दे."

पलीकडच्या खाटेवरचा माणूस कण्हत होता.

"दोघांनाही वाचवा," मास्तर म्हणाले. "तुम्ही एवढं वाचलंय. काहीतरी वाट असेलच."

नारायणरावांनी मान हलवली. धुळाप्पानं कुणाला विचारून तेल लावलं, हे मात्र त्यांच्यानं मास्तरांना सांगवलं नाही.

७

वाट सापडली. बुधवारी दिवसभर लिहून, खोडून, पुन्हा लिहून त्यांनी अहवाल केला. त्यात एकही खोटं वाक्य नव्हतं आणि धुळाप्पाचं नाव नव्हतं. आपण हे नीट केलं, असं त्यांना पहिल्यांदाच वाटलं.

गुरुवारी चार वाजता समिती बसली. अध्यक्ष, तीन सभासद, बाबूराव. भिंतीशी शरणप्पा टोपी हातात घेऊन उभा. नारायणराव उठले. त्यांनी कागद डोळ्यांपाशी धरला, म्हणजे कुणाचं तोंड दिसायला नको, आणि वाचायला लागले.

त्यांनी शरणप्पाच्या तुकड्याचं सांगितलं, तो कसा फाटला ते सांगितलं. कागदावरचा डाग, कापलेला दांडा, जवस आणि एरंडेल यांच्यातला फरक. वाचता वाचता आवाज लागला. आपला आवाज एवढा स्वच्छ निघतो हे त्यांना माहीत नव्हतं.

"येणेप्रमाणे असे दिसते," त्यांनी वाचलं, "की चिकटवण्यापूर्वी दांड्यांना दोन दिवस एरंडेल तेल देण्यात आले. लाकूड मजबूत व्हावे हाच हेतू. परंतु तेल मुरलेल्या लाकडाला सरस धरत नाही. त्यामुळेच इंजिन दांड्यांसह निसटले व मार्तंड मास्तरांच्या हाताला इजा झाली. तेल दिले नसते तर अपघात झाला नसता. तेल द्यावे हा सल्ला माझा होता. शरणप्पा यांचा यात काहीही दोष नाही."

"तुमचा सल्ला?" अध्यक्ष म्हणाले. "आणि लावलं कुणी?"

"माझ्या शब्दावरून लागलं. माझ्याच नावावर लिहा."

बशीवर कप वाजला. इतका हलका, की एरवी ऐकूही आला नसता. नारायणरावांनी कागद खाली घेतला.

दारात धुळाप्पा चहाचा ट्रे घेऊन उभा होता. सभा म्हटली की चहा आणि चहा म्हटला की धुळाप्पा. गेली वीस वर्षं असंच होतं. तो कधी आला होता कुणास ठाऊक. त्यानं ट्रे टेबलावर ठेवला. अध्यक्षांना कप दिला, सभासदांना दिले, बाबूरावांना दिला. शेवटचा नारायणरावांपुढं ठेवला. एक थेंब सांडला नाही. मग तो निघून गेला.

पुढं काय ठरलं ते नारायणरावांनी अर्धवटच ऐकलं. शरणप्पा कायम. ग्रंथपालांना लेखी ताकीद. शरणप्पा पाया पडायला वाकला तेव्हा ते दचकून मागं सरले. "कोण व्हतं ते, अण्णा?" त्यानं हळूच विचारलं. नारायणराव कागदाची घडी घालत राहिले. मग शरणप्पानं दाराकडे बघितलं, आणि त्याचा चेहरा पडला.

धुळाप्पा शाळेमागं हौदाच्या कट्ट्यावर बसला होता. नारायणराव थोडं अंतर ठेवून बसले.

"मास्तरान्ला ठावं हाय?" त्यानं विचारलं.

"हो."

"कवापासनं?"

"त्याच दिवसापासून. कुणी तुम्हाला सांगू नये म्हणून..."

"म्हंजे म्या रोज सांजला डबा घिऊन जात व्हतो, काल बी त्यांना भरवलं, तवा बी त्यान्ला ठावं व्हतं."

नारायणरावांनी मान हलवली. ह्या हातचा घास घेताना मास्तर काय बोलत असतील, हे त्यांनी कधी मनात आणलं नव्हतं. ते म्हणाले, "चूक माझी होती, धुळाप्पा. मी वर बघून उत्तर द्यायला हवं होतं."

"तुमी आज बी वर बगितलं न्हाय," धुळाप्पा म्हणाला. रागानं नव्हे. दिसलं ते सांगावं तसं. मग उठला. "डब्याची येळ झाली. लीलाबाई वाट बगत असतील."

दोघं मास्तरांच्या घरी गेले, तिथून दवाखान्याकडे. फाटकाशी धुळाप्पाचे पाय थांबले. आत बघितल्यासारखं करून त्यानं डबा नारायणरावांच्या हातात दिला.

"आज तुमीच द्या."

आत मार्तंड मास्तर दाराकडेच तोंड करून बसले होते. नारायणरावांना डबा घेऊन आलेलं बघून त्यांनी काही विचारलं नाही. एवढंच म्हणाले, "शरणप्पा?"

"कायम झाला."

"बरं झालं." मास्तर खिडकीकडे बघत राहिले. "फाटकाशी आहे का धुळाप्पा?"

"आहे."

"त्याला म्हणावं, मास्तरांना भूक लागलीय. डाव्या हातानं जमत नाही म्हणावं."

नारायणराव बाहेर आले. धुळाप्पा फाटकाच्या दगडाला टेकून खाली बसला होता, डोक्याला पटका नव्हता, पांढरे केस वाऱ्यानं विस्कटलेले. नारायणरावांनी त्याच्यासमोर बसून, त्याच्या तोंडाकडे बघून, मास्तरांचा निरोप शब्दाला शब्द सांगितला.

धुळाप्पानं ऐकलं. मान खाली घातली. उठला नाही.

रुग्णांना भेटायची वेळ सहा वाजता संपायची. पावणेसहा झाले होते. नारायणरावांनी निरोप आणखी एकदा सांगितला.